करिअरचं विचारायचं कुणाला? मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्या पदवीधरांसाठी

"मॅडम, माझं टीवाय झालं. प्लीज मार्गदर्शन करा."

रिझल्ट लागले की असे मेसेज मला रोज येतात. गेली अकरा वर्षं रविवारची सकाळ मी या मुलामुलींसाठी राखून ठेवली आहे, तरी या मेसेजला काय उत्तर द्यावं ते मला अजून कळत नाही. मुलगा कुठला, काय शिकला, कुठे अडलाय, काहीच त्यात नसतं. पण दोष त्याचा नाही. ज्याच्या घरात कुणी कधी ऑफिसात बसून काम केलं नाही, त्याला नेमकं काय विचारायचं हे कुणी शिकवलेलंच नसतं.

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात वाढले. वडील कारखान्यात फिटर, आई घरी शिवणकाम करायची. २००६ साली बीकॉम झाले तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये ऑफिसात जाणारी दोनच माणसं होती आणि दोघांचा सल्ला एकच: बँकेच्या परीक्षा दे. सल्ला चुकीचा नव्हता, पण शहरात दुसरी कामं कोणती असतात हे विचारायला माणूसच नव्हता. आज माणसं शोधायची साधनं भरपूर आहेत. ती वापरायची कशी, एवढंच या लेखात क्रमाने सांगते.

आधी ठरवा: तुम्हाला माहिती हवी आहे, सल्ला हवा आहे की संधी?

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या सहसा एकाच माणसाकडे मिळत नाहीत.

माहिती म्हणजे त्या कामात दिवसभर काय करतात, सुरुवातीला हातात किती पडतात, कोणती परीक्षा लागते. ही तुमच्याहून दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या सीनियरकडे असते. पंधरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला फ्रेशरचा आजचा पगार ठाऊक नसतो. सल्ला म्हणजे दोन रस्त्यांपैकी कुठला धरायचा. तिथे आठ-दहा वर्षं मुरलेला माणूस हवा, कारण त्याने दोन्ही रस्त्यांनी गेलेली माणसं पाहिलेली असतात. आणि संधी, म्हणजे रेफरल किंवा मुलाखतीचं बोलावणं, ही पहिल्या भेटीत मागायची गोष्टच नव्हे. तुमचं काम पाहिल्यावर माणूस ती आपणहून देतो.

बहुतेक मुलं पहिल्याच मेसेजमध्ये तिसरी गोष्ट मागतात आणि पहिल्या दोनही हातच्या घालवतात.

एक पान लिहा, मराठीतच

कुणालाही गाठण्याआधी कोऱ्या कागदावर स्वतःबद्दल एक पान लिहा. हा सीव्ही नव्हे, तो नंतर. या पानावर खरं लिहायचं: काय शिकलात, कुठल्या विषयात एटीकेटी लागली आणि ती सुटली का, कुठलं काम करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही, राहता कुठे, रोज किती प्रवास झेपेल. आणि मुलं जी ओळ कायम गाळतात ती: पगाराशिवाय घर किती महिने थांबू शकतं.

दोन वर्षांपूर्वी अंबरनाथची एक मुलगी माझ्याकडे आली. टीवायबॅफ, म्हणजे अकाउंटिंग-फायनान्सच्या पदवीचं शेवटचं वर्ष, गुण चांगले. पानावर पहिली ओळ होती, 'मला फायनान्समध्ये इंटरेस्ट आहे.' पुढे अर्धं पान तसंच. मी म्हटलं, आता घरचं लिही. ती थोडा वेळ पेन घेऊन नुसती बसून राहिली आणि मग तिने चार ओळी लिहिल्या. बाबांचं काम सुटलंय. भाऊ अकरावीत आहे. डिसेंबरपर्यंत माझा पगार सुरू व्हायला हवा. सकाळी आजीचं सगळं करून सातच्या आधी निघता येत नाही.

या चार ओळींनी सगळा सल्ला बदलला. त्याआधी आम्ही एमबीए सीईटीच्या क्लासबद्दल बोलत होतो. त्यानंतर प्रश्न उरला तो एवढाच: ठाणे-ऐरोलीच्या पट्ट्यात, जिथे ती अंबरनाथहून वेळेत पोचू शकेल, अकाउंट्समध्ये अप्रेंटिस कोण घेतं? या प्रश्नाला उत्तर होतं. ती ऑक्टोबरमध्ये रुजू झाली. सीईटी तिने सोडलेली नाही, पुढे ढकलली आहे.

घरची अडचण सांगणं म्हणजे रडगाणं नव्हे. डॉक्टरला जसं दुखणं सांगतो, तसंच हे.

सुरुवात आपल्याच कॉलेजपासून

मुलं कॉलेज सोडून सगळीकडे शोधतात. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, त्याला संलग्न कॉलेजं शेकड्यांनी, आणि प्रत्येक कॉलेजातून दरवर्षी बाहेर पडलेली मुलं याच शहरात कुठे ना कुठे काम करतात. तुमचा पहिला मार्गदर्शक बहुधा त्यांच्यातच आहे.

प्लेसमेंट सेलमध्ये जाऊन या. मोठ्या स्वायत्त कॉलेजांत तो जोरात चालतो, लहान कॉलेजांत एखाद्या प्राध्यापकांकडे तासांबरोबर दिलेली ती जास्तीची जबाबदारी असते. अशा ठिकाणी 'सर, जॉब आहे का?' असं विचारलंत की 'आला की नोटीस लावू' असं उत्तर मिळणार. त्याऐवजी विचारा: "सर, गेल्या तीन-चार वर्षांत आपल्याकडून ऑडिटमध्ये गेलेली दोन-तीन मुलं आठवतात का? त्यांच्याशी मला बोलायचंय." नावं प्राध्यापकांना नक्की आठवतात. सरांना नंबर द्यायला संकोच वाटला तर म्हणा, "सर, माझा नंबर त्यांना द्या, त्यांना सोयीचं असेल तर ते फोन करतील."

माजी विद्यार्थी संघाकडे तर कुणी फिरकतही नाही. वर्षातून एक मेळावा होतो, तिथे पन्नाशी-साठीची मंडळी जमतात आणि आजचा विद्यार्थी कुणी भेटला तर त्यांना मनापासून आनंद होतो. पाणी वाटायला स्वयंसेवक म्हणून उभे राहिलात तरी चार ओळखी होतात.

विद्यापीठाचा आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग कॉलेजांमधून जे प्रकल्प चालवतो, त्यात करिअर प्रोजेक्ट असा एक असतो. तो घेतलात तर एखाद्या व्यवसायाची माहिती काढायला माणसांना भेटावं लागतं. मुलं तो जादा गुणांसाठी उरकतात. तुम्ही तो माणसं भेटण्याचा परवाना समजा. 'विद्यापीठाच्या प्रकल्पासाठी तुमच्याशी बोलायचंय' म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात ओजेटी आली आहे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, आणि तिला क्रेडिट्स आहेत. ओळखीतल्या कुणाच्या दुकानातून सही-शिक्का आणून ती उरकणारी मुलं मी पाहते आणि मला खरंच वाईट वाटतं. कॉलेज स्वतःहून तुम्हाला कामाच्या जागी पाठवतंय, तिथे तुमच्यावर देखरेख करणारा माणूस नेमला जातोय. तोच तुमचा पहिला मेंटॉर होऊ शकतो. शेवटच्या आठवड्यात त्याला विचारा, "माझं कुठलं काम तुम्हाला पुन्हा करावं लागलं?" उत्तर ऐकायला जड जातं, पण त्याच्याइतकं उपयोगाचं उत्तर दुसरं नाही.

अनोळखी माणसाला मेसेज कसा लिहायचा

कॉलेजातून नावं मिळाली नाहीत तर लिंक्डइनवर जा. कॉलेजचं नाव शोधा, कॉलेजच्या पानावर अ‍ॅलम्नाय असा भाग असतो, तो उघडा. तिथे शहर, कंपनी, काम यांनुसार माणसं चाळता येतात. लहान कॉलेजांच्या नावाची दोन-तीन स्पेलिंग्ज फिरत असतात, काही वेळा संस्थेचं नाव एका पानावर आणि कॉलेजचं दुसऱ्या, म्हणून सगळी शोधून पाहा. आपल्या कॉलेजची, आपल्याच कोर्सची, तीन ते दहा वर्षांपूर्वी पास झालेली दहा माणसं वहीत उतरवा.

मग मेसेज. हा माझ्या एका विद्यार्थिनीचा, तिच्या परवानगीने, ओळख पटेल असं काढून:

"नमस्कार सर. मी आपल्याच कॉलेजची टीवायबीकॉमची विद्यार्थिनी. तुम्ही इन्शुरन्समध्ये क्लेम्सचं काम बघता हे प्रोफाइलवर वाचलं. माझा एका गोष्टीत निर्णय होत नाहीये: आधी इन्शुरन्स इन्स्टिट्यूटची लायसेन्शिएट परीक्षा द्यावी, की ट्रेनी म्हणून लागून मग द्यावी. याबद्दल पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? शनिवारी-रविवारी तुम्ही सांगाल त्या वेळी मीच फोन करेन."

यात काय आहे ते पाहा. आपलं नातं काय, हे पहिल्या वाक्यात. त्यांचंच नाव का निवडलं, ते दुसऱ्यात. प्रश्न एक आणि तोही दोन रस्त्यांमधला, म्हणजे वाचतानाच त्यांच्या मनात उत्तर सुरू होतं. वेळ किती लागेल ते सांगितलंय. सीव्ही जोडलेला नाही. त्या सरांनी तिला दुसऱ्याच दिवशी फोन केला. शनिवारपर्यंतही थांबले नाहीत.

समोरचा मराठी असेल तर बेलाशक मराठीत लिहा. नसेल तर साध्या इंग्रजीत पाच ओळी पुरतात. 'रिस्पेक्टेड सर' वगैरे अर्जाची भाषा नको. पहिल्या मेसेजला सर-मॅडम ठीक. पाच-सहा वर्षांनी मोठी मुलं स्वतःच 'अरे, दादा म्हण' किंवा 'ताई चालेल' असं सांगतात, तेव्हा तसं म्हणा. ऑफिसात मात्र बहुतेक ठिकाणी एकमेकांना नावाने हाक मारतात, तिथे बिचकू नका.

वेळेचं भान ठेवा. बँकेतल्या, अकाउंट्समधल्या माणसांना आणि सीएंना मार्चअखेरीस लिहू नका. सीएंना सप्टेंबरातही मान वर करायला फुरसत नसते. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा, फक्त एकदा, नम्रपणे आठवण करा. मग पुढचं नाव. आमच्या मुलांचा अनुभव असा की दहा मेसेजना दोन-तीन उत्तरं येतात. न आलेल्या उत्तरांचा अर्थ लावत बसू नका. माणसं लोकलमध्ये मेसेज वाचतात आणि उतरल्यावर विसरतात.

भेट

फोनवर भागत असेल तर फोनच करा. प्रत्यक्ष भेटायचं ठरलं तर त्यांच्या ऑफिसच्या जवळ, त्यांच्या जेवणाच्या किंवा सुटायच्या वेळेला. बीकेसीत भेट असेल तर जास्तीचा अर्धा तास हाताशी ठेवून निघा. बांद्र्याहून किंवा कुर्ल्याहून शेअर रिक्षाची रांग संध्याकाळी फार लांबते. मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते आणि बीकेसीला स्टेशन आहे, त्यामुळे अंधेरी किंवा दक्षिण मुंबईकडून येणाऱ्यांची ती दगदग वाचली.

'कुठल्या फील्डला स्कोप आहे?' हा प्रश्न विचारू नका. त्याला कुणाकडेच खरं उत्तर नसतं. त्याऐवजी विचारा: काल ऑफिसात तुमचा दिवस कसा गेला? पहिल्या वर्षी तुम्ही कुठे अडलात? माझ्यासारखा मुलगा समोर आला तर तुम्ही घ्याल का, आणि नसाल घेणार तर काय कमी पडतंय? शेवटी, आणखी कुणाशी बोलू? या शेवटच्या प्रश्नातून पुढचं नाव मिळतं आणि ते ओळखीतून आलेलं असल्याने तिथे दार लवकर उघडतं. बोलताना वहीत टिपून घ्या. मोबाइलवर टिपलंत तर समोरच्याला वाटतं तुम्ही चॅट करताय.

चहाचे पैसे द्यायला खिशात हात घाला. ते देऊ देणार नाहीत. हुज्जत घालू नका.

माझी स्वतःची अशी पहिली भेट माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळच्या एका उडुप्याकडे झाली. आमच्या कॉलेजचे माजी विद्यार्थी, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. मी प्लास्टिकच्या फोल्डरमधून बायोडेटा काढून दिला. त्यांनी तो वाचला, पालथा घातला आणि कॉफीचा पेला त्यावर ठेवला. म्हणाले, "एक्सेल येतं असं लिहिलंयस. तुझ्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब कोण ठेवतं?" मी म्हटलं, खजिनदार काका, रजिस्टरमध्ये. "मग त्यांच्याकडून वर्षाचं रजिस्टर मागून घे. एक्सेलमध्ये चढव. कुणाचे किती थकलेत ते एका नजरेत दिसलं पाहिजे. झालं की मला दाखव." वीस मिनिटांत भेट संपली. नोकरीचं एक अक्षर ते बोलले नाहीत.

चाळीस घरं, बारा महिने. मला तीन आठवडे लागले, कारण कॉम्प्युटर मैत्रिणीच्या घरी होता. चढवताना लक्षात आलं की तीन घरांची थकबाकी रजिस्टरमध्ये दोनदा धरली गेली होती. काकांनी ती दुरुस्त केली. मी प्रिंट घेऊन पुन्हा माटुंग्याला गेले.

परत जाऊन सांगा

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका. मार्गदर्शन मागणारी मुलं खूप भेटतात. सांगितलं ते करून, काय झालं ते सांगायला परत येणारं मात्र क्वचितच कुणी असतं. माझ्याकडे एका वर्षात तीस-चाळीस मुलं येतात, त्यांतली पाच-सहा परत येतात. त्या पाच-सहांची नावं मला पाठ आहेत. कुठे जागा निघाली की डोक्यात पहिली तीच येतात. हा पक्षपात नाही. मला त्यांच्याबद्दल काहीतरी ठाऊक असतं आणि बाकीच्यांबद्दल काहीच नसतं.

माटुंग्याच्या त्या सरांनी माझी प्रिंट पाहिली, दोन चुका दाखवल्या आणि तिथूनच ऑडिट फर्ममधल्या एका मित्राला फोन लावला. पहिली नोकरी मला त्यातून लागली, दुसऱ्या भेटीनंतर चार महिन्यांनी. मधल्या काळात मी त्यांना महिन्यातून एकदा चार ओळी कळवत होते.

तेव्हा भेटीच्या दिवशीच रात्री आभाराच्या दोन ओळी पाठवा आणि त्यांनी सांगितलेल्यातलं काय करणार आहात ते एका ओळीत लिहा. ते झालं की कळवा. झालं नाही तरी कळवा, का नाही झालं तेही. परीक्षेत नापास झालात म्हणून तोंड लपवू नका. याच वेळी मुलं गायब होतात आणि नेमकी याच वेळी समोरच्याची सर्वात जास्त मदत होऊ शकते. 'तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?' हा प्रश्न मी सहसा विचारू देत नाही. तीनदा परत गेलात की ते आपोआप झालेलं असतं.

संस्था आणि योजना: कुणी कुठे जावं

माणसं शोधणं चालू असतानाच संस्थांची दारंही ठोठवा. सगळी सगळ्यांसाठी नाहीत.

नुकतेच पदवीधर झालात आणि लगेच काही कमवायला हवं असेल तर अप्रेंटिसशिप गांभीर्याने घ्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ती चालते. केंद्राच्या नॅट्स (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण योजना) पोर्टलवर पदवी आणि डिप्लोमाधारकांची नोंदणी होते आणि पश्चिम विभागाचं प्रशिक्षण मंडळ आपल्या सायनलाच आहे. साधारण वर्षभराचं प्रशिक्षण, स्टायपेंड आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र. अप्रेंटिस म्हणजे कारखान्यातलं काम, ही समजूत जुनी झाली. बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांनाही बँका आणि ऑफिसं घेतात. फक्त नोंदणी करून स्वस्थ बसू नका. पोर्टलवर कंपन्या शोधून स्वतः अर्ज करावे लागतात.

राज्याचं महास्वयम पोर्टल आहे, तिथे रोजगारासाठी नोंदणी होते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. महाराष्ट्राचे रहिवासी, वय १८ ते ३५, आणि सुरू झाली तेव्हा पदवीधरांना महिना १०,००० रुपये, सहा महिने, थेट बँक खात्यात. पुढे मुदत वाढवली गेली, म्हणून अर्ज करताना चालू शासन निर्णय वाचा. ही कायम नोकरी नव्हे हे आधीच समजून घ्या आणि तिथे काम शिकवणारा कोण असेल हे पहिल्या दिवशी विचारा. नुसत्या फायली इकडून तिकडे नेण्यात महिने गेले तर हातात काही उरत नाही. केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनाही २०२४ ची. तेव्हाच्या अटींप्रमाणे वय २१ ते २४, बारा महिने, महिना ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांवर असेल तर ती मिळत नाही.

इंजिनीअरिंगला असलेल्या, घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलींनी कॅटलिस्ट या संस्थेचं नाव टिपून ठेवा. मुंबईत सुरू झालेली ही संस्था मुलींना पदवीच्या वर्षांत नोकरदार मार्गदर्शक जोडून देते. त्यासाठी पहिल्या वर्षातच चौकशी करावी लागते, शेवटच्या वर्षी उशीर होतो. मेंटॉर टुगेदर ही बंगळुरूची संस्था मोबाइल अ‍ॅपवरून मुलांना मार्गदर्शक मिळवून देते, त्यामुळे शहराचा प्रश्न येत नाही.

विज्ञानाच्या मुलांसाठी मुंबईइतकी श्रीमंत जागा नाही आणि बीएस्सीची मुलं तिचा फार थोडा फायदा घेतात. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'नियस' हा उपक्रम चालवतं, त्यात शास्त्रज्ञांच्या हाताखाली प्रकल्प करता येतो. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, उन्हाळी संशोधन कार्यक्रम असतो. याच संस्थेचा 'चाय अँड व्हाय?' हा २००९ पासूनचा उपक्रम आहे. रविवारी सकाळी जुहूच्या पृथ्वी थिएटरसारख्या ठिकाणी शास्त्रज्ञ साध्या भाषेत बोलतात आणि प्रश्न घेतात. प्रवेश सगळ्यांना. पुढे संशोधनात जायचं की नाही हे ठरवणाऱ्याने तिथे दोन-चार रविवार जाऊन बसावं आणि कार्यक्रम संपल्यावर थांबून बोलावं. त्या घोळक्यात उभं राहायला कुणाची ओळख लागत नाही.

स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांसाठी सीएसएमटीजवळची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था आहे, प्रवेश परीक्षेतून निवड होते. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या राज्य सरकारच्या संस्थांच्या योजना आपापल्या गटांसाठी पाहा. इथे मी कळकळीने एक सांगते: किती वर्षं आणि किती प्रयत्न, हे सुरू करतानाच कागदावर लिहा आणि घरच्या एका माणसाला तो कागद द्या. आणि सल्ला फक्त पास झालेल्यांचा घेऊ नका. चार वर्षं देऊन बाहेर पडलेल्या आणि आज दुसरं काही नीट करणाऱ्या माणसाशीही बोला.

सीए करणाऱ्यांना आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे, त्यामुळे फर्म निवडताना तिथल्या आताच्या आर्टिकल्सना गाठून विचारा, तुला ऑडिट करायला देतात की नुसती जीएसटी रिटर्न्स भरायला? परदेशात शिकायला जायचं असेल तर जे. एन. टाटा एन्डाउमेंट पाहा. १८९२ पासून ती उच्च शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते.

इंग्रजीचं काय?

मराठी माध्यमातून आलेली मुलं म्हणतात, आधी इंग्रजी सुधारतो, मग भेटतो. असं करू नका. इंग्रजी सुधारतं ते बोलून, आणि बोलायला माणूस लागतो. मार्गदर्शकाशी पहिली भेट मराठीत करा आणि दुसऱ्या भेटीत दहा मिनिटांची खोटी मुलाखत इंग्रजीत घ्यायला सांगा. त्याआधी रोज रात्री 'आज मी काय केलं' हे दोन मिनिटं इंग्रजीत बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये कानाला लावून ऐका. कुठे अडतो ते स्वतःलाच कळतं. बहुतेकांचं व्याकरण चुकत नाही, वाक्य अर्धं सोडून द्यायची सवय असते. छोटं वाक्य पूर्ण करा आणि थांबा. मुलाखत घेणाऱ्याला तेवढं पुरतं.

पैसे, कागदपत्रं आणि सुरक्षितता

नोकरी देतो म्हणून रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट मागणारा माणूस नोकरी देत नाही. रक्कम पाचशे असो की पन्नास हजार, उठून या. मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात ठेवू नका, झेरॉक्स द्या. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पैसे घेऊन इंटर्नशिपचं सर्टिफिकेट देणाऱ्यांचा तो कागद आम्ही मुलाखतीत एका प्रश्नात ओळखतो.

मुलींनो, अनोळखी माणसाला पहिल्यांदा भेटताना जागा गजबजलेली आणि वेळ दिवसाची ठेवा, घरी किंवा मैत्रिणीला लोकेशन पाठवून ठेवा. मार्गदर्शनाच्या नावाखाली कुणी रात्री उशिरा फोन करू लागलं, फोटो मागू लागलं, घरी बोलावू लागलं तर ते मार्गदर्शन नाही. उपकाराचं ओझं मनावर घेऊ नका, बोलणं तिथेच बंद करा आणि ज्यांच्या ओळखीने गेलात त्यांना सांगा.

पास होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर

या मुलांना सर्वात जास्त संकोच वाटतो. बरोबरीची मुलं लागलेली असतात, लग्नकार्यात नातेवाईक विचारतात आणि मूल घराबाहेर पडेनासं होतं. वर सांगितलेलं सगळं तुम्हालाही तसंच्या तसं लागू आहे. तुमच्या पानावर फक्त एक परिच्छेद जास्त असेल: मधल्या काळात काय केलं. आजारी आईची सेवा केली, दुकानात बसलो, परीक्षा दिली आणि निघाली नाही, जे असेल ते दोन वाक्यांत सरळ लिहा. लपवलेली गॅप मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत बाहेर येते.

कॉलेज अजूनही तुमचंच आहे. आयकार्ड नसलं तर वॉचमन अडवतो, म्हणून शेवटच्या वर्षाच्या मार्कशीटची झेरॉक्स बरोबर न्या आणि गेटवर 'ऑफिसात काम आहे' एवढं सांगा. परीक्षांचे दिवस टाळून सकाळी अकराच्या सुमाराला जा, तेव्हा प्राध्यापक दोन लेक्चरच्या मध्ये स्टाफरूममध्ये सापडतात. ज्यांनी तुम्हाला शिकवलंय अशा एकाच सरांकडे किंवा मॅडमकडे जा, वही उघडी ठेवा आणि विचारा: "आपल्याकडून या कामात गेलेलं कुणी आठवतंय का?"